एक सील दुसऱ्यापासून ओळखायचा कसा, आणि आपल्या तलावावर काय करता येईल?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, घरी धानाची शेती आहे. माझी नणंद इंग्लंडमधे कॉर्नवॉलला नर्स आहे, ती सुट्टीच्या दिवशी समुद्राच्या कड्यावर बसून सील, म्हणजे समुद्रात पोहणारे आणि खडकांवर येऊन पडणारे प्राणी, मोजते, पैसे वगैरे काही मिळत नाहीत, थंडी वाऱ्यात आपल्या आवडीनं जाते. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, वहिनी ही बघ, मागच्या वर्षीचीच मादी परत आली! मला तर सगळे ओल्या दगडासारखे दिसले. खरंच ओळखू येतं का? आणि आमच्याकडे समुद्र नाही पण तलाव आहे, आम्हाला असं काही करता येईल का?

उत्तर: ताई, ओळखू येतं, आणि ही विद्या तुमच्या गावात रोज सकाळी आखरावर चालू असते. शंभर ढोरं जमली तरी ढोरकी लांबूनच सांगतो की ही अमक्याची कबरी अन् ती कपाळावर चांद असलेली तमक्याची. नवीन माणसाला सगळ्या गाई सारख्याच.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मुख्यतः ग्रे सील असतात. मादीचं अंग फिकट आणि त्यावर गडद ठिपके, नराचं बहुतेक उलटं, गडद अंगावर फिकट डाग. पिल्लू जन्मतं तेव्हा पांढरंशुभ्र असतं, साधारण तीन आठवड्यांत ते केस गळतात आणि खालून जी नक्षी निघते ती जन्मभराची. दरवर्षी केस गळून नवे येतात तरी नक्षी तीच राहते, आणि मादी तीस वर्षांच्या वरही जगू शकते, म्हणजे एकाच मादीची ओळख किती वर्षं ठेवता येते बघा.

पण आख्खा सील बघत बसलं तर डोकं चक्रावतं. मानेवरचा एखादा छोटा तुकडा धरायचा, समजा एक मोठा ठिपका, त्याच्याखाली तीन बारके आणि बाजूला पोपटाच्या चोचीसारखा वाकडा डाग, आणि मग जुन्या फोटोंत फक्त तेवढंच शोधत जायचं. ओला सील काळपट दिसतो, वाळला की ठिपके उठून दिसतात, केस गळायच्या आधी तर अंग इतकं भुरकट होतं की रोजचा ओळखीचाही चुकतो, म्हणून घाई करायची नाही. शिवाय डावीकडची नक्षी वेगळी, उजवीकडची वेगळी, दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. आपल्या ताडोब्यात वाघासाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात ते याच्यासाठीच, पट्ट्यांचंही तसंच असतं.

तुमच्या नणंदेच्या या कामाचं मला फार मोल वाटतं. एखाद्या सीलच्या गळ्यात जाळ्याचा तुकडा अडकला की सील मोठा होत जातो आणि दोर मांसात रुतत जातो. फोटोवरून ओळख पटली तर तो कधीपासून त्रासात आहे, जखम भरतेय की वाढतेय, हे कळतं. आणि हे सगळं लांबूनच करायचं. खडकावर आराम करणाऱ्या सीलांनी माना वर करून तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात असं समजायचं. दचकून पाण्याकडे पळताना ते खडकांवर आपटतात, पिल्लू मागे राहून जातं.

आता तुमचा तलाव. ताई, तुमच्या गोंदिया जिल्ह्यात सारस आहे! महाराष्ट्रात आता तो मुख्यतः तुमच्याकडेच उरलाय, थोडे भंडारा चंद्रपूरकडे. सारसाच्या अंगावर सीलसारखी नक्षी नसते त्यामुळे एकेक पक्षी ओळखता येणार नाही, पण जोडी आपली जागा सहसा सोडत नाही, म्हणून जागेवरून जोडीचा माग ठेवता येतो. सोबत पिल्लू असेल तर त्याचं डोकं तांबूस असतं, मोठ्यांसारखं लालभडक नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतात, बहुतेक दोन अंडी, महिनाभर उबवतात. तुमच्याच बांधीत घरटं निघालं तर तेवढा तुकडा सोडून रोवणी करा, निंदायला येणाऱ्या बायांनाही सांगून ठेवा. आणि घरट्याचा फोटो जागेच्या नावासकट व्हॉट्सअपवर अजिबात टाकू नका, बघायला गर्दी झाली की पक्षी अंड्यांवरून उठतात आणि कावळे टपलेलेच असतात.

तलावावर पानमांजर, म्हणजे पाण्यात मासे धरून खाणारा प्राणी, असेल तर काठावर पायाचे ठसे आणि माशाच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा सापडेल, तेही लिहून ठेवा.

सुरुवातीला एक दोनशे पानी वही पुरे. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, बसायची जागा पण तीच. तारीख, पाणी किती आहे, किती दिसले, पिल्लू होतं का, तलावाजवळून विजेच्या तारा जातात का (सारस त्यांना धडकून मरतात, हे नक्की लिहा). काहीच दिसलं नाही तरी पान कोरं सोडू नका, ‘आज दिसले नाहीत’ एवढं लिहाच, कारण जोडी नेमकी कधीपासून दिसेनाशी झाली हे पुढे त्या ओळीवरूनच कळणार आहे.