मिस्सा कशासाठी मागू?

प्रश्न : फादर, नमस्कार. माझे यजमान मासेमारी बोटीचे तांडेल (प्रमुख) होते. गेल्या ऑगस्टमध्ये, मोसमाच्या सुरुवातीलाच बोट उलटली. तिसऱ्या दिवशी त्यांचा देह किनाऱ्याला लागला. बारा वर्षं त्यांनी कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) केला नव्हता, दारूही होती. वाचलेला खलाशी पोर सांगतो, हाताशी आलेला रिकामा कॅन त्यांनी त्याच्याकडे ढकलला. शेजारीण बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढून ‘सार्वकालिक शिक्षा’ हे शब्द दाखवते. म्हणते, निवाडा झाला, आता त्यांच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) मागून पैसे कशाला घालतेस? खरंच उपयोग नाही का?
– एक भगिनी, पाचूबंदर, वसई

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोन दिवस माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

शेजारणीने दाखवलेलं वचन खरं आहे आणि मी ते सौम्य करणार नाही. मूळ ग्रीकमध्ये त्या ओळीत शिक्षेला आणि जीवनाला एकच विशेषण आहे. शिक्षा थोड्या काळाची म्हटली, तर स्वर्गही थोड्या काळाचा होतो. मेल्यावर पुन्हा निवड करता येत नाही, ही ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात नरकाचा अर्थ दिला आहे, तो असा : माणसाने आपणहून स्वतःला देवापासून कायमचं तोडून घेणं. शेवटपर्यंत ‘नको’ म्हणणाऱ्याला देव ओढून आत नेत नाही.

पण तिने सेहेचाळिसावी ओळ वाचली. तुम्ही एकतिसाव्या ओळीपासून वाचा. न्यायासनावरचा राजा तिथे कुमसाराची वही काढत नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, तहानलेल्याला पाणी दिलंस का, एवढंच पाहतो. आणि ज्यांनी दिलं ते चकित होतात : प्रभू, आम्ही तुला कधी दिलं? तुमचं पत्र वाचताना तो कॅन मला त्या ओळींमध्ये दिसत राहिला. लाटांत, अंधारात, स्वतःला तरंगायला हवा असलेला कॅन.

तेवढ्यावर ते तरले, असं मी लिहून देणार नाही. तो अधिकार मला नाही, तसा शेजारणीलाही नाही. ख्रिस्तसभेने हजारो संत जाहीर केले. अमुक माणूस नरकात गेला, असं मात्र एकदाही जाहीर केलं नाही, प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही. तरुणपणी मी एका आईला म्हटलं होतं, ‘तुमचा मुलगा कुमसार न करता गेला, आता काय बोलणार?’ ती पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

आता मिस्सा. मरताक्षणीच प्रत्येकाचा न्याय होतो, हे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ साली ठामपणे सांगितलं. मिस्सा म्हणजे त्या निकालावरचं अपील, अशी तुमची समजूत असेल तर ती सोडून द्या. देवाला ‘हो’ म्हणूनही ज्यांचं मन अजून मळलेलं आहे, त्यांच्या शुद्धीसाठी ती मागणी असते. बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, बाराव्या अध्यायात, लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडतात. पापाची खूण अंगावर घेऊनच ती माणसं मेली होती. त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी याने त्यांना टाकून दिलं नाही. वर्गणी गोळा केली आणि त्यांच्यासाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवली.

आणि देवाला आपल्यासारखं आधी-नंतर नाही. तुम्ही आज जे मागता, ते त्याने त्या रात्री पाण्यातल्या माणसासाठी ऐकलेलं असू शकतं. प्रभूच्या शेजारी क्रुसावर मरणाऱ्या चोराने प्रभूला एकच विनवणी केली, आणि तेवढ्यावर त्याला स्वर्गाचं वचन मिळालं.

पैशांची ओढाताण असेल तर तुमच्या फादरांना स्पष्ट सांगा. दक्षिणा नाही म्हणून मिस्सा अडत नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत मेणबत्ती लावायला जाल तेव्हा त्या खलाशी पोरालाही बरोबर न्या. त्याला त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करू द्या.