ऑटोक्लेव्हमधून सेट ओले का निघतात?

प्रश्न : आमच्या ३० खाटांच्या रुग्णालयात ऑपरेशनचे सेट (कापडात बांधलेली हत्यारे, वाट्या) ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, ओलसर निघतात. सेटवर लावलेल्या सूचक टेपवर काळे पट्टे मात्र उमटतात. वापरले तर चालतील?

उत्तर : अजिबात नाही. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. टेप फक्त उष्णता लागल्याचे दाखवते, जंतू मेल्याची हमी देत नाही. सेट उघडून, कोरड्या कापडात बांधून पूर्ण सायकल पुन्हा लावा.

दोष बहुधा भरण्यात असतो. सेट खच्चून कोंबले, वाट्या उताण्या ठेवल्या की पाणी साचते. वाट्या कलत्या ठेवा. १२१ अंशांवर ३० मिनिटे झाली, तरी वाळवणीची वेळ कापू नका, आणि घाई नेमकी तिथेच होते. गरम सेट स्टीलच्या गार टेबलावर ठेवल्यास खालून घाम धरतो. जाळीच्या रॅकवरच निवू द्या. तरीही ओल राहिली, तर स्टीम ट्रॅप (वाफेचे झालेले पाणी बाहेर सोडणारी झडप) तपासून घ्या.