सिझर होऊन चार दिवस झालेत, उठता-बसता टाके खूप दुखतात, काय करू?
अगं, आपण सगळ्या एकच चूक करतो, दुखणं असह्य झालं की मग गोळी शोधतो. पहिले काही दिवस डॉक्टरांनी दिलेल्या वेळा घड्याळ लावून पाळ. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजताना सहसा चालतात (अल्सर, किडनी किंवा बीपीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारूनच), पण कोडीन, ट्रामाडॉल या जास्त तीव्र वेदनाशामक गोळ्या मनाने अजिबात नको, ते दुधातून बाळाकडे जातं.

आणि उठताना सरळ उठायचं नाही हां, आधी गुडघे दुमडायचे, कुशीवर वळायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत वर यायचं, मला हे नर्सने तिसऱ्या दिवशी दाखवलं, तोवर दर वेळी रडत होते मी. खोकला, शिंक, अगदी हसू आलं तरी उशी पोटावर घट्ट धरायची. गॅसने आणि पोट साफ नसलं तरीपण टाके ओढतात, म्हणून पाणी भरपूर पी आणि घरातल्या घरात थोडं थोडं चाल. बाळापेक्षा जड काही उचलू नको.

ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, टाक्यांतून पू, एकाच पायाची पोटरी सुजलेली, दम लागतोय किंवा दुखणं उलट वाढतंय असं काही झालं तर थांबू नको, लगेच दाखव.