थंड तांब्याचा झटका आणि लपवलेल्या मुंग्या

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५४. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आजार तिसऱ्या टप्प्यातला असल्यामुळे डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी एक अशा आठ केमो सांगितल्या आहेत : पहिल्या दिवशी ऑक्झॅलिप्लॅटिनचे सलाईन, मग चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि आठवडाभर सुट्टी. तीन केमो झाल्या. पहिल्या केमोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाण्याचा स्टीलचा तांब्या उचलला आणि विजेचा झटका बसावा तसा हातातून टाकून दिला. थंड पाण्याचा घोट घेताच घसा आवळला आणि श्वास अडकल्यासारखा वाटला. आता तळहात लाल होऊन चुरचुरतात आणि बोटांतल्या मुंग्या सुट्टीच्या आठवड्यातही जात नाहीत. ‘डॉक्टरांना कळले तर औषध कमी करतील आणि आजार उलटेल,’ असे म्हणून ते मला बोलू देत नाहीत. शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा सुचवला आहे. तो द्यावा का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : ताई, तांब्याचा झटका आणि घशाचा आवळ ही दोन्ही ऑक्झॅलिप्लॅटिनची करणी आहे. हे औषध नसांना गारव्याबाबत अतिसंवेदनशील करते. घसा बंद झाल्यासारखा वाटतो, पण श्वासनलिका उघडीच असते. घोटभर कोमट पाणी घेऊन शांत बसले की बहुधा काही मिनिटांत आराम पडतो. मात्र सलाईन चालू असताना अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर ती ॲलर्जी असू शकते. तेव्हा नर्सला तत्काळ सांगावे. सलाईननंतर साधारण आठवडाभर फ्रिजमधले दूध-दही त्यांना काढायला लावू नका, फरशीवर अनवाणी चालू देऊ नका, आणि निफाडच्या पहाटेच्या थंडीत बाहेर जावेच लागले तर हातमोजे आणि नाका-तोंडावर मफलर हवाच.

गंमत अशी की तळहातांची चुरचुर गोळ्यांमुळे होते आणि तिला उष्णता सोसत नाही. एक औषध थंडीवर रुसते, दुसरे कढत पाण्यावर. म्हणून आंघोळ, भांडी, हातपाय धुणे सारे कोमट पाण्यानेच. युरिया असलेले मलम दिवसातून दोन-तीन वेळा लावावे. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायक्लोफिनॅकचे साधे जेल नियमित लावल्याने हा त्रास बराच टळला. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ते बागेत छाटणी करत असतील, तर कात्री मात्र सध्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी, कारण घट्ट पकड आणि घर्षण यांनीच तळहाताची कातडी सोलते.

आता मुख्य गोष्ट. सुट्टीतही न जाणाऱ्या मुंग्या लपवणे मला सर्वांत चुकीचे वाटते. गारव्याचा झटका येतो आणि जातो. या मुंग्या मात्र प्रत्येक सलाईनबरोबर साचत जातात, औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतात, आणि काहींच्या बोटांतला बधिरपणा वर्षानुवर्षे राहतो. त्या आधीच थोपवणारे कोणतेही खात्रीचे औषध नाही. वेळीच मात्रा कमी करणे किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवून केवळ गोळ्या चालू ठेवणे, हाच उपाय आहे. त्यामुळे उपचार सोडला असे होत नाही. सहा चाचण्यांमधील बारा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती २०१८ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या कमी जोखमीच्या रुग्णांना याच औषधांचा तीन महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांइतकाच उपयोगी पडल्याचे आणि नसांचा त्रास पुष्कळ कमी झाल्याचे दिसले. तुमच्या यजमानांची गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली होती आणि किती लसिकाग्रंथी बाधित होत्या, यावर त्यांचा निर्णय ठरेल. पुढच्या भेटीत ‘मुंग्या येतात’ एवढेच सांगू नका. त्यांना डॉक्टरांसमोर शर्टाचे बटण लावून दाखवायला सांगा.

काढा देऊ नये. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद करोनाकाळात मुंबईच्या डॉक्टरांनीच प्रसिद्ध केली होती. ‘ताकदीच्या’ गोळ्यांच्या पाकिटावरही फोलिक ॲसिड आहे का ते पाहावे, कारण त्याने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर घ्याव्यात. जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले तर पुढची गोळी न देता आधी रुग्णालयाला फोन करावा.

आणि थर्मामीटर उशाशी ठेवावा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा आणि केमोची फाईल बरोबर घ्या.