फाउंड फुटेज भयपट, म्हणजे पात्रांनीच टिपलेलं आणि नंतर सापडलेलं चित्रीकरण म्हणून दाखवले जाणारे सिनेमे, बघताना कधी अंगावर काटा येतो, तर कधी नुसतं डोकं दुखतं. असं का होतं?

तुम्ही विचारलंय की हे सिनेमे इतके वरखाली का असतात आणि सुरुवात कुठून करावी. माझ्या मते या प्रकाराचं बळ आणि दुखणं एकाच जागी आहे. कॅमेरा पात्राच्या हातात असतो. तो तिथे का आहे याचं उत्तर सिनेमाकडे असेल तर भीती खरी वाटते. नसेल तर अर्ध्या तासात आपणच ओरडायला लागतो, 'अरे, टाक तो कॅमेरा आणि पळ!'

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) घ्या. तीन तरुण अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात ब्लेअर विच नावाच्या चेटकिणीवर माहितीपट करायला जातात. दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि शेवटी ओढ्यावरच्या त्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. आपल्याकडे याला चकवा लागणं म्हणतात. आजीकडून ऐकलेल्या चकव्याच्या गोष्टींत भूत कधी दिसायचंच नाही, ओळखीचं झाड तेवढं पुन्हापुन्हा समोर यायचं. या सिनेमातली चेटकीणही एकदासुद्धा दिसत नाही. रात्री तंबूबाहेर आवाज येतात, दिव्याच्या झोतात चार फांद्या दिसतात आणि पुढचा अंधार आपणच भरून काढतो. साध्या भयपटाचा दिग्दर्शक आपल्याला खोलीचा चौथा कोपरा दाखवू शकतो. इथे पात्राला जेवढं दिसेल तेवढंच आपल्याला.

त्यातली भांडणं इतकी खरी का वाटतात, हेही सांगतो. चित्रीकरण जेमतेम आठ दिवसांचं होतं आणि कॅमेरे नटांच्याच हातात होते. लिहिलेले संवाद नव्हते, प्रत्येकाला काय करायचं ते चिठ्ठ्यांमधून कळायचं. दिवसागणिक जेवण कमी केलं जायचं. रात्री दिग्दर्शकांची माणसं येऊन तंबू हलवायची. चेहऱ्यावरचा तो थकवा मेकअपचा नाही.

आणि कॅमेरा का चालू राहतो, याचं उत्तरही तिथे आहे. त्या तिघांतला जोश एका जागी माहितीपट करणाऱ्या हेदरला म्हणतो की तुला हा कॅमेरा का आवडतो ते आता कळलं, यातून दिसणारं जग पूर्ण खरं वाटत नाही. म्हणजे कॅमेरा ही तिची ढाल आहे. मला हा अख्ख्या सिनेमातला सगळ्यात हुशार क्षण वाटतो.

'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'ने हलणारा कॅमेरा रात्रीपुरता तिवईवर ठेवला. झोपलेलं जोडपं, उघडं दार, पडद्याच्या कोपऱ्यात पळणारं घड्याळ. एवढ्यावर तो आपल्याला डोळे ताणून बसवतो. त्याच्या तिसऱ्या भागात (२०११) घरातला एक जण टेबल फॅनच्या फिरत्या बैठकीवर कॅमेरा बसवतो. तो संथपणे दिवाणखान्याकडून स्वयंपाकघराकडे जातो, परत येतो, आणि आपण काही केलं तरी त्याला घाई करता येत नाही. इतका साधा पंखा इतका भीतिदायक होऊ शकतो हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं, याचं मला फार कौतुक आहे.

आता उणिवा. कॅमेऱ्याच्या हलण्याने खरंच मळमळतं, 'क्लोव्हरफील्ड'च्या (२००८) वेळी तर काही थिएटरांनी तशा पाट्या लावल्या होत्या. पण हलणं ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटत नाही. खरा घोटाळा होतो तो 'हे सापडलेलं चित्रीकरण आहे' असं सांगून मध्येच पार्श्वसंगीत वाजवलं जातं तेव्हा, किंवा जिथे कुणीही कॅमेरा धरणं शक्य नाही अशा जागेवरून दृश्य दिसतं तेव्हा. हे नाटक एकदा उघडं पडलं की पुढे कितीही किंचाळ्या घाला, भीती परत येत नाही. शिवाय हे सिनेमे स्वस्तात होतात, त्यामुळे तासभर काही न घडवता शेवटच्या पाच मिनिटांवर भागवणारेही खूप आहेत. त्या तासात पात्रं उभी केली नाहीत तर शेवटी कोण मेलं याचं आपल्याला काहीच वाटत नाही. आणि 'हे सगळं खरं घडलंय' ही युक्ती १९९९मध्ये चालली, नटांना बेपत्ता म्हणून जाहीर करण्यापर्यंत मजल गेली. आज फोन काढून दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी स्पेनचा 'रेक' (२००७) बघा. नायिका टीव्हीची वार्ताहर आहे, सोबत कॅमेरामन आहे आणि इमारत बाहेरून बंद केलेली आहे, त्यामुळे चित्रीकरण का थांबत नाही हा प्रश्न मनात येतच नाही. मग 'ब्लेअर विच'. रात्री, एकट्याने, हेडफोन लावून. सुरुवातीला गावकऱ्यांच्या मुलाखती आहेत, त्या कंटाळून पुढे ढकलू नका. शेवटचं दृश्य त्यातल्याच एका वाक्यावर उभं आहे.