आमवात आणि नोकरी: सुरुवातीला एवढे सांभाळा

ताई, रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे आमवाताचे, निदान होऊन महिनाही झाला नसताना राजीनामा लिहू नका. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण मूळ आजारावरची औषधे लागू पडायला बरेचदा काही आठवडे ते काही महिने जातात, आणि आज पेन न धरणारी बोटे तेव्हा पुष्कळ सुधारलेली असू शकतात.

दुसरी चूक मी स्वतः केली. गुहागरकडे शिकवत असताना दोन पावसाळे मी दुखणे लपवले. सकाळी तासभर सांधे आखडलेले असत, पहिली एसटी चुके, आणि कारण कोणालाच ठाऊक नसल्याने तो कामचुकारपणा ठरला. त्या दिवसांचे मला आजही वाईट वाटते.

तुम्ही जिल्हा परिषदेत आहात, म्हणून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २० अवश्य वाचा. सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढून टाकता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. सध्याचे काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद द्यावे लागते. मात्र केवळ निदान म्हणजे दिव्यांगत्व नव्हे.

सध्या एवढे करा:
- डॉक्टरांकडून निदान आणि कामावरील मर्यादा लेखी घ्या.
- उशिराची वेळ, तळमजल्यावरील टेबल अशी नेमकी मागणी लेखी करा आणि पोच घ्या.
- सांध्यांत कायमचा दोष राहिला, तरच दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जा. आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

बदली आणि निवृत्तिवेतनाचे नियम नंतर पाहू.