कामगार प्रकरण शेवटाकडून वाच

प्रिय मित्रा,

व्यापार करारातलं कामगार प्रकरण तपासायचं तर शेवटाकडून वाचायला घे. सुरुवातीच्या कलमांत संघटनास्वातंत्र्य, वेठबिगारी आणि बालमजुरीला बंदी, भेदभावाला मनाई हे असतंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९८च्या जाहीरनाम्यातून ते आलेलं असतं. २०२२ मध्ये त्यात सुरक्षित, आरोग्यदायी कामाच्या जागेची भर पडली. मसुदा जुना असेल तर तेवढं राहून गेलेलं सापडेल. पण खरा कस पुढे आहे: वचन मोडलं तर तक्रार कोणी करायची, किती दिवसांत, आणि दाद न देणाऱ्याला काय भोगावं लागणार?

मग एकेक शब्द पाह. मध्य अमेरिकी देशांशी झालेल्या व्यापार कराराखाली अमेरिकेने ग्वाटेमालावर दावा लावला होता. आठ ठिकाणी कामगार कायदा नीट राबवला गेला नाही, हे लवादाने मान्य केलं. तरीही २०१७ मध्ये अमेरिका हरली. कारण कलमाप्रमाणे कुचराई सातत्याने किंवा वारंवार झालेली हवी होती, आणि तीही व्यापारावर परिणाम होईल अशी. कामावरून काढलेल्यांना परत न घेतल्यामुळे मालकाला स्पर्धेत नेमका किती फायदा झाला, हे कागदावर कसं दाखवणार? २०२० पासून लागू झालेल्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात म्हणून ओझं उलटं टाकलं: परिणाम झाला असंच धरायचं, झाला नसेल तर प्रतिवादीने सिद्ध करायचं. शिवाय कारवाई थेट एकेका कारखान्यावर होऊ शकते. माझ्या मते ही दोन कलमं दहा पानी प्रस्तावनेपेक्षा मोलाची आहेत.

दंडाऐवजी बक्षीसही चालतं. १९९९च्या करारात कंबोडियाला कारखान्यांतली स्थिती सुधारली तर अमेरिकेत कपड्यांचा जादा कोटा, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त माल पाठवायची मुभा, मिळत असे. श्रम संघटनेचे तपासनीस कारखान्यांत जात. पण २००४ अखेर जगभरचे कोटेच संपले आणि बक्षीसही गेलं. तेव्हा बक्षिसाची मुदत आधी पाहून ठेव.

विकसनशील देश म्हणतील, हा छुपा संरक्षणवाद आहे, म्हणजे स्वतःच्या उद्योगांना परदेशी मालापासून वाचवायची युक्ती. ही शंका झटकू नकोस. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६च्या सिंगापूर जाहीरनाम्यातही श्रममानकं त्यासाठी वापरू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे हक्क मागावेत, ठरावीक मजुरी लादू नये.

सामाजिक सुरक्षेकडे मात्र करारात बहुधा दुर्लक्ष होतं. आयातशुल्क घटलं की महसूल घटतो, आणि काम गेलेल्यांना आधार लागतो तोही त्याच सुमारास. अमेरिकेने १९६२ मध्ये अशा कामगारांसाठी खास मदत सुरू केली, पण नोकरी शुल्कसवलतीमुळेच गेली हे सिद्ध करायची अट इतकी कडक होती, की पुढची कित्येक वर्षं त्यांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. म्हणून कारण न विचारता मिळणारा बेरोजगारी विमा बरा. शुल्ककपातीचं वेळापत्रक समोर ठेव, प्रत्येक टप्प्यापुढे निधी कुठून आणि कोणत्या तारखेला येणार ते लिही. जिथे रकाना रिकामा राहील, तो टप्पा पुढे ढकलायला सांग.

सप्रेम.